एकशे छत्तीसचे तिघे: मास स्पेक्ट्रम हाताने वाचायचा कसा

फेब्रुवारी-मार्चात नागपूरच्या कळमन्याच्या बाजारात मृग बहाराची संत्री उतरतात आणि साधारण त्याच सुमारास आमच्याकडे एम.एस्सी.ची पोरं प्रोजेक्टसाठी येतात. दोन्हींचा मेळ घालून पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे तीन व्हायल ठेवते. 'क'मध्ये संत्र्याच्या सालीचा हेक्झेनमध्ये काढलेला अर्क. 'ख' आणि 'ग' कपाटातल्या बाटल्यांमधून थेंबभर घेऊन पातळ केलेल्या. तिन्हींतल्या मुख्य पदार्थाचा रेणुभार १३६. तिन्हींचे रन झालेले असतात, छापील स्पेक्ट्रम, म्हणजे रेणूच्या तुकड्यांच्या वजनांचे आलेख, हातात असतात. अट एकच: संगणकातली लायब्ररी, म्हणजे ओळखीच्या पदार्थांच्या स्पेक्ट्रमचा साठा, उघडायची नाही. कागद, पेन्सिल आणि वजाबाकी.

पोरं नाराज होतात. कॉलेजात त्यांनी पाहिलेलं असतं की माऊसचं एक बटण दाबलं की नाव येतं. अडचण तीच आहे. लायब्ररी नाव देतेच. कॉलममधून (मिश्रण सुटं करणाऱ्या बारीक नळीतून) झिरपणाऱ्या कचऱ्याचा स्पेक्ट्रम दिला तरी ती कोणाचं तरी नाव पुढे करते आणि शेजारी गुणही लिहिते. ते नाव बरोबर की चूक हे ज्याला हाताने तपासता येत नाही, त्याच्या रिपोर्टवर मी सही करत नाही. म्हणून हा लेख. ज्यांनी जीसी-एमएस, म्हणजे वाफेतलं मिश्रण सुटं करून मग तुकड्यांची वजनं मोजणारं यंत्र, नुकतंच हाती घेतलंय, त्यांच्यासाठी.

एक शब्द आधीच मोकळा करते. आम्ही लॅबमध्ये 'पीक' म्हणतो, 'पिकं' म्हणतो, आणि विदर्भातल्या पोराला ते ऐकून कापूस-तूरच आठवते. स्पेक्ट्रममधली उभी रेघ म्हणजे पीक. पदार्थ कॉलममधून बाहेर पडताना वेळेच्या आलेखावर जो उंचवटा उठतो त्यालाही आम्ही पीकच म्हणतो, संदर्भावरून कळतं. सगळ्यात उंच रेघ म्हणजे बेस पीक, तिची उंची १०० धरायची आणि बाकीच्या तिच्या हिशेबात मोजायच्या. खालच्या आडव्या रेषेवर असतं ते वस्तुमान भागिले प्रभार, म्हणजे एम/झेड. पण आपल्या तुकड्यांवर जवळपास नेहमी एकच प्रभार असतो, म्हणून तो आकडा सरळ वजन समजून चाला.

यंत्रात काय होतं?

कॉलममधून सुटा होऊन आलेला पदार्थ वाफेच्या रूपात आयन सोर्समध्ये शिरतो. तिथे तापलेल्या फिलामेंटमधून निघालेले इलेक्ट्रॉन ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने त्याच्यावर आदळतात. बहुतेक सेंद्रिय रेणूंमधून एक इलेक्ट्रॉन उडवायला १० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास पुरे होतात. म्हणजे मारा गरजेपेक्षा बराच जास्त. रेणूतून इलेक्ट्रॉन उडतो, वर आणखी थोडी ऊर्जा आत उरते आणि त्या ऊर्जेने बंध तुटतात. हा ७०चा आकडा जगभर सारखा पाळतात, त्यामुळे नागपुरात आज घेतलेला स्पेक्ट्रम आणि तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात घेतलेला स्पेक्ट्रम शेजारी ठेवून ताडता येतात.

तुटणं कसंही होत नाही. संत्रं सोललं की फोडींच्या जोडावर आपोआप सुटतं. मोसंबीला सुरी लावावी लागते. रेणूंचंही असंच. सुगंधी कडं, म्हणजे बेंझिनचं, मोसंबीसारखं चिवट. त्याचा अख्खा रेणू स्पेक्ट्रममध्ये ठळक दिसतो. लांब साखळीचे रेणू आणि अल्कोहोल फोडींसारखे सुटतात, अख्खा रेणू कधी कधी दिसतही नाही. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: डिटेक्टरपर्यंत फक्त प्रभार असलेला तुकडा पोचतो. बिनप्रभाराचा जोडीदार पंप ओढून नेतो. तो कधीच दिसत नाही, वजाबाकीतूनच कळतो.

पायरी १: आधी यंत्र तपासा, मग पदार्थ

ट्यूनचा, म्हणजे यंत्राचे आकडे ठरलेल्या द्रव्यावर जुळवून पाहिल्याचा, कागद रोज काढायचा. ट्यूनसाठी आत सोडतात त्या द्रव्याची पिकं ६९, २१९ आणि ५०२ला पडली पाहिजेत. अर्ध्या एककाने सरकली असतील तर पुढची सगळी वजाबाकी वाया. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना लॅबचा एसी गचके खाऊ लागला की आम्ही ट्यून दिवसातून दोनदा काढतो. मग १८, २८, ३२ बघा. १८ म्हणजे पाणी. २८ आणि ३२ साधारण ४:१ या प्रमाणात दिसले तर ती हवा आहे, कुठला तरी नट ढिला आहे.

त्यानंतर ब्लँक. नुसतं हेक्झेन, तीच व्हायल, तेच झाकण, तीच पद्धत. ब्लँकमध्ये जे दिसेल ते नमुन्यात दिसलं तरी नमुन्याचं नाही. चार आकडे ओळखीचे करून घ्या: ७३, १४७, २०७, २८१. ही सिलिकॉनची मंडळी. कॉलमच्या आतल्या लेपातून आणि इंजेक्शनच्या रबरी सेप्टममधून येतात, तापमान चढलं की हमखास.

आणि १४९. ह्याचं माझं जुनं देणं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, तेव्हा मी ज्या खासगी लॅबमध्ये होते तिथे, काटोलकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी तपासायला आलं होतं. स्पेक्ट्रममध्ये १४९चं ताडमाड पीक. १४९ म्हणजे थॅलेट, प्लास्टिक मऊ करायला घालतात ते. हे पुस्तकात वाचलेलं ताजं होतं. मी रिपोर्टात लिहून टाकलं. शेतकरी दुसऱ्या आठवड्यात स्वतः आला. टोपी मांडीवर ठेवून बसला आणि म्हणाला, "मॅडम, माह्या विहिरीत प्लास्टिक काहून येईन? आजूबाजूला तर काहीच नाही." ब्लँक काढला. त्यातही १४९. आमच्याच अर्क काढायच्या नळीचं प्लास्टिक हेक्झेनमध्ये उतरत होतं. रिपोर्ट परत घेतला. त्या दिवसापासून मी काचेशिवाय काही वापरत नाही आणि ब्लँकशिवाय स्पेक्ट्रम बघत नाही.

सालीचा अर्क करायचा तर: वरची केशरी साल, पांढरा भाग टाळून, एक ग्रॅम, दहा मिलिलिटर हेक्झेन, काचेच्या भांड्यात अर्धा तास. पाणी शोषायला चिमूटभर कोरडं सोडियम सल्फेट, मग गाळून शंभरपट पातळ. शंभरपट लिहिलंय ते गंमत म्हणून नाही. सालीच्या तेलात लिमोनीन इतकं असतं की पातळ केलं नाही तर पीक वरून कापल्यासारखं सपाट येतं, आणि सपाट पिकातले आयसोटोपचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचे, प्रमाण खोटे असतात.

पायरी २: अख्खा रेणू कुठला?

स्पेक्ट्रमच्या उजव्या टोकाला जा. शेवटचा नीट दिसणारा पुंजका बघा. तोच मूळ रेणू असेल असं धरून चला, पण लगेच परीक्षा घ्या.

परीक्षा अशी. मूळ रेणूतून १ सुटू शकतो, हायड्रोजन. १५ सुटतो, मिथाइल. १८ सुटतो, पाणी. पण ४ ते १४ आणि २१ ते २५ या वजनाचं काही सुटणं जवळपास अशक्य, त्या वजनाचा सोयीचा तुकडाच नसतो. तुम्ही १३६ला मूळ रेणू म्हणताय आणि १२२ला दणदणीत पीक आहे, म्हणजे १४चा फरक, तर दोनपैकी एक चुकलंय: १३६ मूळ रेणू नाही किंवा एका पिकाखाली दोन पदार्थ आहेत.

दुसरी परीक्षा नायट्रोजनची. रेणुभार सम असेल तर नायट्रोजन एकही नाही किंवा सम संख्येत. विषम असेल तर नायट्रोजन विषम. आपला १३६ सम आहे, तेव्हा नायट्रोजन नाही असं तूर्त धरू.

आणि अल्कोहोलपासून सावध. इथेनॉलचा रेणुभार ४६, पण स्पेक्ट्रमवर राज्य ३१चं, शेजारी ४५. मोठ्या अल्कोहोलमध्ये तर मूळ रेणू गायबच असतो आणि पाणी गेलेला, १८ने हलका तुकडा मूळ असल्याचं सोंग आणतो.

पोरांच्या कागदावर या पायरीला एवढं जमलेलं असतं:
क: १३६, १२१, १०७, ९३, ७९, ६८. बेस पीक ६८.
ख: १३६, १०५, ७७, ५१. बेस पीक १०५.
ग: १३६, १३५, १०७, ९२, ७७. बेस पीक १३५.

पायरी ३: तेराचा पाढा

ही पायरी शिकवताना मला स्वतःला मजा येते, कारण यात यंत्र लागतच नाही. एक कार्बन १२, एक हायड्रोजन १, मिळून १३. रेणुभाराला १३ने भागा. १३६ भागिले १३: दहा वेळा १३०, बाकी ६. म्हणजे दहा कार्बन, आणि हायड्रोजन दहा अधिक सहा, सोळा. पहिलं सूत्र तयार: सी१०एच१६. आता ऑक्सिजन हवा असेल तर एक कार्बन आणि चार हायड्रोजन काढून (तेही १६च) त्यांच्या जागी एक ऑक्सिजन घाला: सी९एच१२ओ. पुन्हा एकदा तेच: सी८एच८ओ२. अजून एकदा केलं तर सी७एच४ओ३, पण तिथवर जायची पाळी क्वचितच येते.

प्रत्येक सूत्राला एक प्रश्न: यात कडी आणि दुहेरी बंध मिळून किती? कार्बनची संख्या, वजा हायड्रोजनच्या निम्मे, अधिक नायट्रोजनच्या निम्मे, अधिक एक. सी१०एच१६ला १० वजा ८ अधिक १, म्हणजे ३. सी९एच१२ओला ४. सी८एच८ओ२ला ५. एकट्या बेंझिनच्या कड्यालाच ४ लागतात. म्हणजे पहिल्या सूत्रात बेंझिन मावतच नाही, तिसऱ्यात बेंझिन मावून वर एक कार्बोनिलही (ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन) बसतो.

ख आणि गमध्ये ७७, ५१ ही बेंझिनची पायाभरणी दिसते. कमध्ये ९३ ठळक, पण ६८सुद्धा, आणि ६८ बेंझिनच्या घरातला नाही. तेव्हा कला सी१०एच१६ आणि ख-गला सी८एच८ओ२, असा पहिला अंदाज पोरं बांधतात. अंदाजच, अजून पुरावा नाही.

पायरी ४: शेजारची बारकी पिकं

निसर्गातल्या दर शंभर कार्बनमागे एकापेक्षा थोडे जास्त, १.१, हे १३ वजनाचे असतात. म्हणून मूळ रेणूच्या उजव्या अंगाला, एकाने पुढे, एक लहान पीक असतंच. दहा कार्बन असतील तर त्याची उंची मूळच्या ११ टक्के, आठ असतील तर ८.८. क आणि खमधला फरक इथेच दिसायला हवा. दिसतोही, पण पीक उंच असेल तरच. बारक्या पिकावर हा हिशेब करू नका, पार्श्वभूमीच्या गोंगाटात हरवतो.

गमध्ये एक गोम आहे आणि पोरं दरवर्षी तिच्यात अडकतात. १३५ हे बेस पीक, त्याचाही १३ वजनाच्या कार्बनचा शेजारी १३६वरच पडतो. म्हणजे १३६च्या उंचीतले ८.८ हे १३५चे आहेत, मूळ रेणूचे नाहीत. ते वजा करून मगच १३७चं प्रमाण काढायचं. एका पोराने हे न करता सात कार्बन काढले होते, मग ऑक्सिजन तीन, आणि त्या सूत्राला रचना सुचवायला दोन दिवस घालवले.

दोन पुढचं पीक त्याहून बोलकं. क्लोरीन असेल तर मूळ आणि दोन पुढचं हे ३:१. ब्रोमीन असेल तर दोघं खांद्याला खांदा, जवळजवळ १:१. दोन क्लोरीन असले की ९:६:१. हे एकदा डोळ्यात बसलं की कीटकनाशकांचे स्पेक्ट्रम लांबूनच ओळखू येतात. गंधक दोन पुढे साडेचार टक्क्यांच्या आसपास भर घालतं. जे. जे. थॉमसन यांनी १९१३मध्ये निऑनचे २० आणि २२ असे दोन ठिपके पाहिले तेव्हा हेच बघत होते, फक्त त्यांना ते काय आहे याची खात्री नव्हती. आपल्याकडे ती आहे, मग वापरायला आळस का करायचा? आपल्या तिन्ही व्हायलमध्ये १३८ला नाव घेण्याजोगं काही नाही. क्लोरीन, ब्रोमीन, गंधक बाद.

पायरी ५: वजाबाकी

इथे वेळ घाला. पिकांचे आकडे वाचण्यापेक्षा पिकांमधली अंतरं वाचा. अंतर म्हणजे पंपाने ओढून नेलेला, न दिसलेला तुकडा.

ख घ्या. १३६मधून १०५ गेले, ३१ उरले. ३१ म्हणजे मेथॉक्सी, ऑक्सिजनला चिकटलेला मिथाइल. १०५मधून ७७ गेले, २८. ७७मधून ५१ गेले, २६, म्हणजे ॲसिटिलीन. बेंझिनचं कडं शेवटी असंच मोडतं. मधला २८ फसवा. कार्बन मोनॉक्साइड २८, इथिलीन २८, नायट्रोजनही २८. आपल्या साध्या क्वाड्रुपोल यंत्राला तिघे सारखेच. दशांशापर्यंत मोजणारं यंत्र असेल तर २७.९९५, २८.०३१ आणि २८.००६ असे तिघे वेगळे पडतात. पण १०५, ७७, ५१ हा तिघांचा जथ्था ओळखीचा आहे: बेंझॉइल, बेंझिनला जोडलेला कार्बोनिल. तेव्हा २८ हा कार्बन मोनॉक्साइड.

थांबा, १०५ दुसऱ्याही कोणाचा असू शकतो. क्युमीनसारख्या अल्किल बेंझिनचंही बेस पीक १०५च असतं. ओळखायचं कसं? बेंझॉइल असेल तर ७७ आणि ५१ जोरात. अल्किल बेंझिन असेल तर ७९, ९१, १०३ अशी बारकी मंडळी सोबत येतात. खमध्ये ती नाहीत. मग बेंझिन, कार्बोनिल, मेथॉक्सी हे जोडा: मिथाइल बेंझोएट. वजन जुळतं, कड्या-बंधांचे पाच जुळतात.

आता ग. सूत्र खचंच, सी८एच८ओ२. दशांशाचं महागडं यंत्र आणलं तरी दोघांचं वजन १३६.०५२, इथे त्याचा उपयोग शून्य. वेगळे करणार ते तुकडेच. १३६मधून १ गेला, १३५, आणि तोच सर्वात उंच. हायड्रोजन इतक्या सहज सोडणारा म्हणजे बहुधा अल्डिहाइड, तोही सुगंधी कड्यावरचा. १३५मधून २८ गेले, १०७. अल्डिहाइडचा कार्बन मोनॉक्साइड. १०७मधून ३० गेले, ७७. हा ३० फॉर्माल्डिहाइड, आणि कड्यावर मेथॉक्सी असला की तो असाच जातो. १०७मधून १५ गेले तर ९२, त्याच मेथॉक्सीचा मिथाइल. म्हणजे कड्यावर एका जागी अल्डिहाइड, दुसऱ्या जागी मेथॉक्सी: ॲनिसाल्डिहाइड. दोघांत मेथॉक्सी आहे, दोघांत कार्बोनिल आहे. खमध्ये ते एकमेकांना जोडलेले, म्हणून ३१ एका झटक्यात गेला. गमध्ये कड्याच्या दोन वेगळ्या जागांवर, म्हणून मेथॉक्सी शेवटपर्यंत चिकटून राहिला. पाठ करण्याजोगं काही असेल तर ते हे.

नेहमी भेटणारी अंतरं: १५ मिथाइल, १७ हायड्रॉक्सिल किंवा अमोनिया, १८ पाणी, २९ इथाइल किंवा फॉर्माइल, ३१ मेथॉक्सी, ४३ प्रोपाइल किंवा ॲसिटाइल, ४५ इथॉक्सी किंवा कार्बॉक्सिल. भिंतीवर चिकटवून ठेवा, महिन्याभरात कागद काढून टाकाल.

पायरी ६: सम आकड्यांकडे बोट ठेवा

क उरला. त्यातही वजाबाकी चालते: १५ जाऊन १२१, २९ जाऊन १०७, ४३ जाऊन ९३. पण हे सगळे विषम आकडे, आणि नायट्रोजन नसलेल्या रेणूत विषम तुकडे येणं साहजिकच. एक बंध तुटला, एक रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन घेऊन सुटलेला तुकडा) गेला, झालं. सम आकडा आला की मात्र खुर्चीत सरळ बसा. एक बंध तुटून तो येत नाही. दोन बंध तुटून, बहुधा पूर्ण, तृप्त रेणू बाहेर पडलेला असतो. म्हणजे आत काहीतरी फेररचना झालेली असते, आणि फेररचना ठरावीक ठिकाणीच होते.

कमध्ये ६८, आणि १३६ची बरोब्बर निम्मी. सहा कार्बनच्या कड्यात एक दुहेरी बंध असेल तर ते कडं उलट्या डील्स-आल्डर वाटेने (ही अभिक्रिया सुलट चालली की दोन तुकडे जोडून असं कडं बनतं) दोन तुकड्यांत उघडतं. इथे दोन्ही तुकडे पाच कार्बनचे, दोन्ही आयसोप्रीन. एकावर प्रभार राहिला, तो ६८. कडं एक, दुहेरी बंध दोन, मिळून तीन. तेराच्या पाढ्याने तीनच सांगितले होते. लिमोनीन.

सम आकड्यांची दुसरी मोठी वाट मॅक्लॅफर्टी यांच्या नावाने ओळखतात. कार्बोनिलपासून तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन वाकून कार्बोनिलच्या ऑक्सिजनला जाऊन बसतो आणि मधला बंध तुटतो. मिथाइल कीटोनमध्ये त्यातून ५८ येतो, लांब साखळीच्या आम्लात ६०, मिथाइल एस्टरमध्ये ७४.

७४चा पडताळा घ्यायचा असेल तर घरातलं जवसाचं तेल आणा, त्याचे मिथाइल एस्टर करा आणि रन घ्या. पामिटिक आम्लाच्या एस्टरला बेस पीक ७४, सोबत ८७, उजवीकडे २७० हा मूळ रेणू. पुस्तकातलं चित्र जणू. मग ओलेइकचा एस्टर येतो, साखळीत एक दुहेरी बंध, आणि बेस पीक ५५. लिनोलेइकला दोन दुहेरी बंध, बेस पीक ६७. लिनोलेनिकला तीन, ७९. जवसात हा शेवटचाच सर्वात जास्त. म्हणजे ७४ शोधत बसलात तर जवसाच्या तेलातला सगळ्यात मोठा एस्टर तुम्हाला एस्टर वाटणारच नाही. एकेका आकड्यावर पदार्थाचं नाव ठरवू नका म्हणून पोरांना मी जे ओरडत असते, त्याला हे तेल मला फार उपयोगी पडतं.

डाव्या टोकाकडे एक नजर पुरते. ४३, ५७, ७१, ८५ असे चौदा-चौदाने चढत गेले तर साखळीचा हायड्रोकार्बन, डिझेलसारखा. ३९, ५१, ६५, ७७ असतील तर सुगंधी कडं. ९१ उठून दिसला तर बेंझिनला जोडलेला सीएच२.

पायरी ७: आता लायब्ररी उघडा

आता बटण दाबा. एनआयएसटी या अमेरिकेतल्या मानक संस्थेच्या लायब्ररीत जुळणीचे गुण ९९९पैकी असतात. ९००च्या वर उत्तम, ८०० ते ९०० चांगली, ६००च्या खाली जवळपास निरर्थक. पण गुणांआधी दोन कामं: पिकाच्या शेजारची पार्श्वभूमी वजा करा, आणि पिकाच्या चढावरचा, माथ्यावरचा, उतारावरचा असे तीन स्पेक्ट्रम घ्या. तिन्ही सारखे असतील तर एक पदार्थ. चढावर एक आणि उतारावर दुसरं दिसलं तर खाली दोघं आहेत. त्यांना सोडवायला एएमडीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. लायब्ररी विकत घेतलेली नसेल तर एनआयएसटीचं वेबबुक, जपानमधलं एसडीबीएस आणि मासबँक ही तिन्ही फुकट बघता येतात.

सालीच्या अर्कात लायब्ररीची खरी फजिती होते. लिमोनीन, मायरसीन, अल्फा-पायनीन, गॅमा-टर्पिनीन, सगळे सी१०एच१६, सगळे १३६, आणि बहुतेकांमध्ये ९३ ठळक. लायब्ररी पहिल्या पाच नावांना दोन-चार गुणांच्या फरकाने उभं करते. "मॅडम, पहिलंच नाव घेऊ ना?" नाही. इथे वेळेचा पुरावा आणा. सरळ साखळीच्या अल्केनचं मिश्रण त्याच पद्धतीने चालवा आणि त्यांच्यामध्ये आपलं पीक कुठे पडतं ते मोजा. दहा कार्बनच्या अल्केनला १०००, अकराच्याला ११००. पाच टक्के फिनाइलच्या नेहमीच्या कॉलमवर अल्फा-पायनीन ९३५च्या आसपास येतं, मायरसीन ९९०, लिमोनीन १०३०. स्पेक्ट्रम आणि हा निर्देशांक, दोन्ही जुळले तरच नाव लिहा.

गमधलाही एक प्रश्न तसाच उरतो. मेथॉक्सी कड्यावर मेटा जागेवर (अल्डिहाइडपासून एक जागा सोडून) की पॅरा (अगदी समोर)? तुकड्यांवरून हे सांगता येईल या भरवशावर राहू नका. तसंच उजवं लिमोनीन की त्याचं आरशातलं रूप, डावं, हे कुठलाही स्पेक्ट्रम सांगत नाही. संत्र्यात उजवं असतं हे आपल्याला फळावरून माहीत आहे, यंत्रावरून नाही. त्याला कायरल, म्हणजे उजवं-डावं वेगळं करणारा, कॉलम लागतो.

शेवटी शुद्ध नमुना. मूळ पदार्थाची बाटली आणून त्याच कॉलमवर, त्याच दिवशी चालवायची. वेळ आणि स्पेक्ट्रम दोन्ही जुळले तर रिपोर्टात 'ओळख पटली' असं लिहा, नाहीतर 'संभाव्य'. 'संभाव्य' लिहिण्यात कमीपणा नाही, काटोलच्या विहिरीवर मी तेवढा एक शब्द लिहिला असता तरी पुरे होतं.

एलसी-एमएसवर (तिथे मिश्रण वाफेऐवजी द्रवात सुटं होतं) जाणाऱ्यांना एक सूचना, कारण हे नियम तिकडे जसेच्या तसे चालवून बघण्याचा मोह होतो. तिथे मारा सौम्य असतो. अख्ख्या रेणूला एक प्रोटॉन चिकटतो, म्हणून पीक रेणुभाराच्या एकाने पुढे पडतं. त्याच्याही २२ पुढे दुसरं पीक दिसलं तर घाबरू नका, प्रोटॉनऐवजी सोडियम चिकटलाय. नायट्रोजनचा सम-विषम हिशेब तिथे उलटा वाचावा लागतो. कॅफिनचा रेणुभार १९४, तिथे ते १९५ला दिसतं आणि फोडलं की १३८ देतं.

गची बाटली मी पोरांना सगळ्यात शेवटी दाखवते. टीएलसीच्या (पातळ थरावर पदार्थ सुटे करायच्या) प्लेटवर टर्पीन, म्हणजे लिमोनीनच्या कुळातले पदार्थ, दिसावेत म्हणून ते रोज जो ॲनिसाल्डिहाइड फवारतात, तीच बाटली, पॅराची. नाकाशी नेल्यावर बडीशेपेसारखा वास येतो आणि मग कपाळावर हात मारला जातो. तीच बाटली शुद्ध नमुना म्हणून चालवतो आणि वेळ जुळवून वहीत लिहितो.

सालीसाठी आणलेली संत्री उरतात, ती व्हरांड्यात खायची, लॅबमध्ये नाही. हात साबणाने दोनदा धुऊनच आत यायचं. गेल्या साली एकाने सोललेल्या हातानेच ख आणि गच्या व्हायल भरल्या होत्या. तिन्हींत ६८ आणि ९३ निघाले, अख्खी बॅच परत चालवावी लागली, आणि ब्लँकमध्येही लिमोनीन दिसत होतं, कारण ब्लँकही त्यानेच भरला होता.